मुलांचा हॉकी-संघ निवडतांना

(महोत्सवानिमित्त होणाऱ्या हॉकीच्या सामन्यांपूर्वीं पालक, शिक्षक व मुलें यांच्या सभेंत धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



महोत्सवाच्या सभेंत हॉकीवर भाषण होणार हें ऐकून आपणांपैकीं पुष्कळांस नवल वाटलें असेल. आपल्या धर्मग्रामाचा इतिहास, जुन्या मंडळींचे कष्ट, शाळेची वाढ, हे मोठे विषय इतर वक्त्यांकडे गेले आहेत, आणि ते त्यांस उत्तम न्याय देतील. आमच्या वाट्यास हा लहान विषय आला आहे. नव्हे, आम्हींच तो मागून घेतला आहे. त्याचें कारण असें कीं, गेल्या पंधरवड्यांत आमच्या ओसरीवर जितकीं माणसें या एका गोष्टीसाठीं आलीं, तितकीं देवळाच्या रंगकामासाठीं किंवा जेवणावळीच्या वर्गणीसाठींहि आलीं नाहींत. कोणी म्हणाले, "फादर, आमचा पोरगा रोज मैदानावर असतो, त्याचें नांव राहूं नये." कोणी म्हणाले, "जे महिनोन्‌महिने गांवांत नव्हते, त्यांस कसें घेतां?" एक माउली आली, ती कांहींच न बोलतां बसून राहिली, उठतांना एवढेंच म्हणाली कीं, "तुम्ही बघून करा."

चौतीस मुलामुलींनीं नांवें दिलीं आहेत. यादी अद्याप झालेली नाहीं. म्हणूनच आज बोलणें योग्य आहे. यादी लागल्यानंतर न्यायाविषयीं जो बोलतो, तो बहुधा आपल्या यादीचें समर्थन करीत असतो. आणि जो ऐकतो, तो आपल्या मुलाचें नांव मनांत धरून ऐकतो. यादीपूर्वीं मात्र आपण सारे एकाच बाजूस उभे आहों.

प्रथम आमचा स्वतःचा एक अपराध सांगतों. तो सांगितल्यावांचून इतरांस उपदेश करण्याचा आम्हांस अधिकार नाहीं.

पंचवीसएक वर्षांमागें, याच मराठवाड्यांत परंतु दुसऱ्या एका ठिकाणीं, आम्ही नवे धर्मगुरु म्हणून काम करीत होतों. सेमिनरींत असतांना हॉकीचा नाद लागला होता. तोच आम्हीं तेथील मुलांस लाविला. काठ्या थोड्या, मैदान दगडगोट्यांचें, चेंडू शिवून शिवून वापरलेला. पण मुलें जीव टाकून खेळत. पुढें शेजारच्या गांवाशीं सामना ठरला. संघ निवडावयाचा होता. दहा नांवांविषयीं शंका नव्हती. अकराव्या जागेसाठीं दोन मुलें होतीं. एक मेंढपाळाचा. त्याची काठी म्हणजे बाभळीची वांकडी फांदी तासून केलेली. परंतु चेंडू अडविण्यांत त्याचा हात कोणीं धरला नसता. दुसऱ्या मुलाचा खेळ बेताचा. पण त्याचे वडील गांवांतील वजनदार गृहस्थ होते, आणि आमच्या फिरतीसाठीं ते आपली गाडी देत असत. त्यांनीं आम्हांस एका शब्दानेंहि गळ घातली नव्हती. तरी आम्हीं दुसऱ्याचें नांव लिहिलें.

तेव्हां आम्हीं मनाशीं अनेक कारणें जुळविलीं: मेंढपाळाचा मुलगा केव्हां निघून जाईल याचा नेम नाहीं, त्याच्या पायांत बूट नाहींत, दुसरा मुलगा शिस्तीचा आहे. प्रत्येक कारणांत थोडें सत्य होतें. परंतु आम्हीं ती यादी रात्रीं दिवे मालविल्यावर शाळेच्या दारावर चिकटविली. दिवसा, मुलांसमोर उभें राहून ती वाचून दाखविण्याचें धैर्य आम्हांस झालें नाहीं. आज विचार करितां वाटतें कीं, तेवढ्यावरूनच आम्हांस आमचा अन्याय कळावयास हवा होता. जी यादी अंधारांत लावावी लागते, तींत कांहीं तरी खोट असते.

सकाळीं तो मुलगा आला, त्यानें यादी वाचली, आपली बाभळीची काठी भिंतीशीं टेकवून ठेविली, आणि गेला. पुन्हां तो मैदानावर आला नाहीं. आम्हीं त्यास बोलावूं पाठविलें नाहीं. लाज वाटत होती. कित्येक वर्षांनंतर हिंगोलीच्या बसस्थानकावर एका तरुण गवंड्यानें आम्हांस हांक मारिली. तोच तो. चहा झाला, मुलाबाळांची चौकशी झाली. शेवटीं आम्हींच तो विषय काढला. तो म्हणाला, "फादर, घेतलें नाहीं याचा राग नव्हता. पण माझें काय कमी पडलें तें कोणीं सांगितलें नाहीं. वर्षभर मी तोच विचार करीत होतों." त्यास काय सांगणार? त्याचें कांहींच कमी पडलें नव्हतें.

त्या दिवसापासून संघनिवडीच्या न्यायाची एक कसोटी आम्हीं मनांत धरिली आहे, आणि आजच्या भाषणाचें सारें तात्पर्य तेंच आहे: ज्यास वगळलें त्याच्या तोंडावर, त्यास कळेल अशा शब्दांत, खरें कारण सांगतां येईल, तीच निवड न्यायाची. इतर सर्व नियम या एका नियमाच्या मागोमाग येतात.

आतां कोणी म्हणेल, मुलांच्या खेळाचें एवढें काय? आपल्याच महाराष्ट्रांतील एक जुनी हकीकत पाहा. ती हॉकीची नाहीं, क्रिकेटची आहे. परंतु निवडीचा प्रश्न तोच आहे. चर्मकार समाजांत जन्मलेले पाळवणकर बाळू हे पुण्यास युरोपियनांच्या क्लबांत खेळपट्टी निगराणीचें काम करीत आणि गोऱ्या फलंदाजांस सरावासाठीं चेंडू टाकीत. त्यांची गोलंदाजी पाहून पुण्याच्या हिंदु खेळाडूंनीं त्यांस आपल्या संघांत घेतलें. मैदानावर चेंडू एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातीं जाई. परंतु चहाच्या वेळीं बाळूंस मंडपाबाहेर मातीच्या भांड्यांत चहा मिळे. १९११ सालीं ते इंग्लंडच्या दौऱ्यावर गेले आणि त्यांनीं ११४ बळी घेतले. एवढें करूनहि त्यांस हिंदु संघाचें कर्णधारपद मिळालें नाहीं. त्यांचे धाकटे बंधु विठ्ठल हे नामांकित फलंदाज. १९२० सालीं बाळूंस प्रथम संघांतून वगळण्यांत आलें, आणि विठ्ठल यांस डावलून कर्णधारपद दुसऱ्याकडे गेलें. तेव्हां विठ्ठल व त्यांचे बंधु शिवराम यांनीं खेळण्यास नकार दिला आणि त्याचें कारण उघडपणें सांगितलें. पुष्कळ वाद झाला. पुढल्या सामन्यासाठीं बाळूंस परत बोलावून उपकर्णधार करण्यांत आलें आणि बंधूहि परतले. १९२३ सालीं विठ्ठल कर्णधार झाले, आणि त्यांच्या हाताखालीं हिंदु संघानें युरोपियनांस हरविलें. १९४८ सालीं विठ्ठल यांनीं 'माझें क्रीडा-जीवन' हें आपलें आत्मचरित्र मराठींत लिहून प्रसिद्ध केलें.

या हकीकतींतून आम्हीं एक गोष्ट घेतली आहे. त्या मंडळींस बाळूंच्या तोंडावर काय कारण सांगतां आलें असतें? खेळ कमी म्हणावा, तर इंग्लंडचे आंकडे समोर होते. खरें कारण जात हें होतें, आणि तें उजेडांत सांगण्याजोगें नव्हतें. म्हणून दरसाल नवीं नवीं कारणें काढावीं लागलीं. आमच्या मेंढपाळाच्या मुलाच्या बाबतींत आम्हींहि कारणेंच जुळविलीं होतीं. प्रमाण लहान, रोग तोच.

आतां हॉकीकडे येऊं. हा खेळ आपल्या देशांत मुख्यतः पलटणींच्या छावण्यांतून पसरला. आपली हिंगोली हीहि एके काळीं निजामच्या राज्यांतील हैदराबाद कन्टिंजंटची छावणीच होती. १९०३ सालीं ती छावणी उठली. १९२८ सालीं अ‍ॅम्स्टरडॅमच्या ऑलिंपिकसाठीं भारताचा पहिला हॉकी-संघ निवडावयाचा होता, तेव्हां कलकत्त्यास निरनिराळ्या प्रांतांचे सामने भरविले गेले आणि त्यांतील खेळ पाहून निवड झाली. पद्धत उघडी होती. ज्यास यावयाचें त्यास मैदान होतें. त्या ऑलिंपिकमध्यें पांच सामन्यांत भारतानें २९ गोल केले व एकहि गोल होऊं दिला नाहीं. त्यांतील १४ गोल एकट्या ध्यानचंद यांचे.

१९३२ सालीं पुन्हां असेच प्रांतांचे सामने झाले. या वेळीं ध्यानचंद यांस पलटणीनें रजा दिली नाहीं आणि ते सामन्यांस येऊं शकले नाहींत. तरी निवड-समितीनें त्यांस संघांत घेतलें. त्यांचे धाकटे बंधु रूपसिंग यांस मात्र प्रांताच्या सामन्यांत खेळून आपली योग्यता दाखवावी लागली, आणि त्यांनीं ती दाखविली. एकास सूट आणि दुसऱ्यास परीक्षा, हा अन्याय झाला काय? आमच्या मतें नाहीं. ध्यानचंद यांस सूट कां दिली, हें कोणाहि वगळलेल्या खेळाडूस समोर बसवून सांगतां आलें असतें: ते खेळ चुकवून बसले नव्हते, नोकरीनें त्यांस अडविलें होतें, आणि त्यांचा खेळ साऱ्या जगानें पाहिला होता. शिवाय त्यांच्या भावास त्यांच्या नांवावर फुकट प्रवेश मिळाला नाहीं. न्याय म्हणजे सर्वांस एकच दोरी लावणें नव्हे. दोरी वेगळी कां लाविली याचें खरें कारण उघड सांगतां येणें, हा न्याय.

याच्या उलट गोष्टहि आपल्याच महाराष्ट्रांत घडली. पुण्याजवळील खडकीचे धनराज पिल्ले गरिबींत वाढले, मोडक्या काठ्या बांधून खेळले, आणि देशाचे कर्णधार झाले. १९९८ सालीं बँकॉकच्या आशियाई स्पर्धेंत त्यांच्या नेतृत्वाखालीं भारतानें सुवर्णपदक मिळविलें. १९६६ नंतर प्रथमच. त्यानंतर लगेच धनराज व आणखी कांहीं ज्येष्ठ खेळाडू संघाबाहेर ठेवले गेले. कारण सांगण्यांत आलें तें विश्रांतीचें. परंतु परदेश-दौऱ्यांतील अपुऱ्या भत्त्याविषयीं खेळाडू उघडपणें बोलले होते, त्याचा हा सूड आहे असाच बहुतेकांचा समज झाला. कारण सांगून भागत नाहीं. तें पटण्याजोगें असावें लागतें. न पटणारें कारण वगळण्याहूनहि अधिक झोंबतें, कारण त्यांत ऐकणाऱ्यास मूर्ख समजल्यासारखें होतें.

आतां आपल्या चौतीस मुलांकडे वळतों. येथें प्रथम एक भेद ध्यानांत घेतला पाहिजे. खेळ दोन प्रकारचे असतात. एक, ज्यांत जिंकणें हेंच मुख्य. दुसरा, ज्यांत खेळणें हेंच मुख्य. शाळांच्या सरकारी स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्यांनीं चढतात. ठराविक पातळीवर खेळलेल्या विद्यार्थ्यांस शालान्त परीक्षेंत सवलतीचे गुण मिळतात, आणि पुढें प्राविण्य मिळविलेल्या खेळाडूंसाठीं राज्याच्या सरकारी नोकऱ्यांत पांच टक्के जागा राखून ठेविलेल्या आहेत. ज्या घरीं दोन एकर कोरडवाहू जमीन आहे, तेथें संघांतील एक जागा म्हणजे केवळ हौस नव्हे. म्हणून अशा संघांत ज्याचा खेळ चांगला त्यासच जागा मिळाली पाहिजे. तेथें दया दाखविणें हाहि दुसऱ्यावर अन्याय होय.

परंतु आपल्या महोत्सवाचे सामने पहिल्या प्रकारचे नव्हेत. तेथें गुण नाहींत, नोकरी नाहीं. एक ढाल आहे आणि लाडू आहेत. तेथेंहि आपण निवडक अकरांस खेळवून उरलेल्यांस पाणी द्यावयास बसवावें काय? पूर्वीं खेळाच्या नियमांचीच तशी अडचण होती. खेळाडू बदलण्यास फार मर्यादा होत्या. ती अडचण कधींच गेली. १९९२ पासून हॉकींत हवे तितक्या वेळां खेळाडू बदलतां येतात, आणि अलीकडे मोठे सामनेहि प्रत्येकी पंधरा मिनिटांच्या चार सत्रांत खेळले जातात. आतां साधा हिशेब करा. चौतीस मुलांचे सतरा-सतरांचे दोन संघ होतात. एका संघाच्या चार सत्रांत, गोलरक्षक एकच ठेविला तर, उरलेल्या दहा जागा चार वेळां, म्हणजे चाळीस वेळां भरावयाच्या. उरलेलीं मुलें सोळा. प्रत्येकास दोन सत्रें दिलीं तर बत्तीस जागा भरल्या. आठ अजूनहि उरल्या. त्या जे उत्तम खेळतात त्यांस द्या. म्हणजे प्रत्येक मूल निम्मा सामना खेळतें, आणि चांगल्या खेळाचाहि मान राहतो. जेथें एवढ्या हिशेबानें कोणासहि वगळावें लागत नाहीं, तेथें वगळणें हा केवळ आळस आहे.

असें केल्यानें खेळ खालावतो, असें कांहीं तरुणांचें म्हणणें आहे. त्यांस मुंबईचें उदाहरण सांगतों. मरीन लाइन्स येथील अवर लेडी ऑफ डोलर्स शाळेच्या मुलांस मर्झबान पटेल यांनीं अनेक वर्षें हॉकी शिकविली. ते स्वतः मोठे खेळाडू म्हणून प्रसिद्ध नव्हते. साध्या घरांतील मुलें त्यांच्याकडे येत. आणि त्यांच्या हाताखालून गेलेल्यांपैकीं वीरेन रस्किन्हा, गोलरक्षक अ‍ॅड्रियन डिसोझा, युवराज वाल्मीकी हे देशासाठीं खेळले. यांपैकीं युवराज यांच्या घरीं तर वर्षानुवर्षें विजेचा दिवा नव्हता. २०१९ सालीं सरकारनें पटेल यांस द्रोणाचार्य पुरस्कार दिला. दहाव्या वर्षीं कोण चमकेल हें कोणासच सांगतां येत नाहीं; ज्यानें दार उघडें ठेविलें, त्याच्याच अंगणांत पुढें मोठा खेळाडू दिसला.

आणि मुलींविषयीं कुजबुज कानावर आली आहे, म्हणून एवढेंच सांगतों: झारखंडांतील सिमडेगा जिल्ह्याच्या एका खेड्यांत बांबूच्या काठीनें खेळावयास लागलेली सलीमा टेटे ही २०२४ सालीं भारतीय महिला संघाची कर्णधार झाली. तिच्या गांवांत कोणीं तिला चुलीपाशीं बस म्हटलें असतें, तर देशाचें नुकसान झालें असतें. आपल्या चौतीसांत नऊ मुली आहेत, त्या खेळतील.

मात्र महोत्सवानंतर शेजारच्या जिल्ह्यांत एक सामना खेळावयास जावयाचें आहे, आणि तेथें सोळाच मुलें नेतां येतात. तेथें निवड करावीच लागेल. अठरांस घरीं ठेवावें लागेल. खरी परीक्षा ती. त्यासाठीं पुढे आलेले नियम वरकरणीं सरळ दिसतात. परंतु त्यांतहि अन्याय लपलेला असूं शकतो.

पहिला नियम हजेरीचा. "जो रोज सरावास येतो तो संघांत." किती सोपें! परंतु आपल्या जिल्ह्यांत दिवाळीच्या सुमारास कित्येक कुटुंबें ऊसतोडीला जातात तीं उन्हाळ्याच्या तोंडीं परततात. मुलें आईबापांबरोबर कारखान्याच्या तळावर राहतात. हळद काढण्याच्या व शिजविण्याच्या दिवसांत तर गांवांत असलेलीं मुलेंहि घरच्या कामांत अडकतात. तेव्हां हजेरीचा नियम गादीवर झोपणाऱ्यास सोपा आणि कोपीवर झोपणाऱ्यास अशक्य होतो. नियम सर्वांस सारखा आहे. परंतु तो पाळण्याची मोकळीक सारखी नाहीं. ध्यानचंद यांस रजा नव्हती. या मुलांसहि रजा नाहीं. उलटपक्षीं, जी मुलें सहा महिने उन्हांत धांवलीं त्यांचा घामहि व्यर्थ जातां कामा नये. म्हणून आम्हीं असें ठरविलें आहे कीं, हजेरी मोजावयाची ती मूल गांवांत असलेल्या दिवसांचीच. आणि परतलेल्या मुलांस निवडीपूर्वीं पूर्ण तीन आठवडे सरावास द्यावयाचे. त्यानंतर सर्वांचा खेळ एकाच मैदानावर पाहावयाचा.

दुसरा नियम वयाचा. कॅनडा देशांत बर्फावरील हॉकी मुलांच्या रक्तांतच आहे. तेथें १९८५ सालीं रॉजर बार्न्सली व त्यांचे सहकारी यांनीं दाखवून दिलें कीं, वरच्या दर्जाच्या संघांत वर्षाच्या आरंभीं जन्मलेलीं मुलें फार, आणि अखेरीस जन्मलेलीं थोडीं. कारण साधें आहे. वयोगट १ जानेवारीपासून मोजतात. जानेवारींतील मूल त्याच वर्षाच्या डिसेंबरांतील मुलाहून जवळजवळ वर्षानें मोठें असतें. नवव्या-दहाव्या वर्षीं एका वर्षाचा फरक म्हणजे खांद्याएवढा फरक. जो उंच दिसला तो निवडला, त्यास चांगला शिक्षक व अधिक सामने मिळाले, आणि पुढें तो खरोखरच चांगला झाला. निवडणाऱ्यास वाटलें, आपली पारख खरी ठरली! आपल्याकडे तर याहून गंमत आहे. शाळेंत नांव घालतांना जन्मतारीख ठाऊक नसली कीं गुरुजी १ जून लिहीत. या सभेंतील किती वडीलधाऱ्यांचा वाढदिवस १ जूनला येतो, तें हात वर करून पाहा! कागदावरील वय आणि अंगावरील वय यांत असें अंतर पडतें. तेव्हां निवडणाऱ्यांनीं उंची व दांडगाई यांस भुलूं नये. चेंडू थांबविणें, वेळेवर दुसऱ्यास देणें, आणि चूक झाल्यावर पुन्हां परत धांवणें, या तीन गोष्टी पाहाव्या.

तिसरी गोष्ट काठीची. ज्याच्याजवळ चांगली काठी व बूट, त्याचा खेळ साहजिकच नीट दिसतो. म्हणून निवडीच्या दिवशीं काठ्या एका ढिगांत ठेवाव्या, आणि मुलांनीं त्या आळीपाळीनें वापराव्या.

आतां निवडावें कोणीं? आम्हीं एकट्यानें नाहीं. आमचा इतिहास आपण ऐकलाच आहे. तिघे जण निवडतील: एक शाळेचे क्रीडाशिक्षक, एक बाहेरगांवचे जुने खेळाडू, आणि एक महिला शिक्षिका. ज्याचा मुलगा, पुतण्या किंवा भाचा उमेदवार असेल, त्यानें त्या नांवाच्या वेळीं उठून बाहेर जावें. नियम आज सायंकाळींच शाळेच्या भिंतीवर लागतील, म्हणजे निवडीनंतर ते कोणास वांकवितां येणार नाहींत. आणि शेवटच्या जागेसाठीं दोन मुलें खरोखरच तुल्यबळ ठरलीं, तर दोघांसमक्ष चिठ्ठ्या टाकाव्या. यांत कमीपणा नाहीं. प्रेषितांनीं यहूदाच्या जागीं बारावा निवडला, तेव्हां आधीं पात्रता ठरविली, तींत बसणारीं दोन नांवें पुढें आणिलीं, आणि मग चिठ्ठ्या टाकून मत्थियास घेतलें. क्रम ध्यानांत ठेवा: आधीं योग्यता, मग चिठ्ठी. योग्यता न पाहतां चिठ्ठी टाकणें हा जुगार. आणि समान योग्यता असतांना ओळखीवर निवडणें हा पक्षपात.

पालकांस एक विनंति. आपल्या मुलासाठीं शब्द टाकावयास ओसरीवर येऊं नका. आपण आलांत तर आम्हांस आपला राग येणार नाहीं. आईबापांचें काळीज आम्ही जाणतों. परंतु जी माउली येऊं शकत नाहीं, जी या घटकेस दुसऱ्याच्या शेतांत हळदीच्या कढईपाशीं उभी आहे, तिच्या मुलाच्या बाजूनें कोण बोलणार? आणि वगळलेल्या मुलास घरीं गेल्यावर "तुझ्यावर अन्याय झाला" असें कारण न विचारतां सांगूं नका. आधीं कारण विचारा. तें खोटें वाटलें तर आम्हांकडे या. विठ्ठल आणि शिवराम यांच्याप्रमाणें उघड या. त्यासाठीं ओसरी सदैव मोकळी आहे.

मुलांनो, शेवटचे दोन शब्द तुम्हांस. जे सोळांत असतील त्यांनीं असें समजूं नये कीं आपण थोर झालों. मोटारींत जागा सोळाच होत्या, म्हणून तुम्ही सोळा. जे राहतील त्यांनीं असें समजूं नये कीं आपण निकामी आहों. तुम्हांस वाईट वाटेल, आणि तें आम्हीं कितीहि नीट निवडलें तरी वाटेलच. तें दुःख आम्हांस दूर करितां येणार नाहीं. परंतु कारण ठाऊक नसल्याचें जें दुःख, तें आम्ही तुम्हांस देणार नाहीं.

म्हणून असें ठरलें आहे. यादी शनिवारीं दुपारीं चार वाजतां, भर उजेडांत, मैदानावर वाचून दाखविली जाईल. त्यापूर्वीं, सकाळपासून, ज्या अठरांचीं नांवें तींत नसतील त्यांस एकेकास बोलावून आम्ही व ते तिघे शेजारीं बसून सांगूं कीं, तुझें काय चांगलें आहे, काय कमी आहे, आणि तें कसें भरून निघेल. ज्यास असें सांगण्याजोगें कारण आमच्याजवळ सांपडणार नाहीं, त्याचें नांव यादींत घालावें लागेल, मग त्यासाठीं कोणाचेंहि नांव काढावें लागो.

ती बाभळीची काठी त्या शाळेंत पुष्कळ दिवस भिंतीशीं टेकलेली होती. बदली होऊन निघालों तेव्हां आम्हीं ती बरोबर घेतली. ती आमच्या खोलींत आहे. शनिवारीं निवडीच्या ढिगांत तीहि असेल. कोणा मुलाच्या हातीं ती आली, तर त्यानें संकोच न करितां तिनें खेळावें. अजून ती चांगली आहे.

परमेश्वर तुम्हां सर्वांचें कल्याण करो.